लॅमिनेशन केलेले बारा शब्द

माझे धाकटे दीर एका कारखान्यात तीस वर्षं फिटर होते. मशीनचा नट हातानं आवळला की ते पान्यानं आवळायचे, आणि दुसऱ्या दिवशी शिफ्ट सुरू होण्याआधी पुन्हा एकदा पाना लावून बघायचे. आमच्या घरचा गॅसचा रेग्युलेटर त्यांनी कधी दुसऱ्या कुणाला बसवू दिला नाही. असा माणूस स्वेच्छानिवृत्ती घेतो, हातात एकरकमी पैसे येतात, आणि वर्षभराच्या आत लोणावळ्याच्या एका रिसॉर्टमध्ये पनीरची भाजी खाऊन त्यातला मोठा भाग एका मोबाइल ॲपच्या हवाली करतो. त्या वर्षात त्यांच्या डोक्याला काय झालं, हे मला आजही नीट सांगता येणार नाही. पण मी ते जवळून पाहिलं, आणि त्या निमित्तानं माझ्या स्वतःच्या हुशारीचाही पंचनामा झाला, म्हणून लिहिते.

मी वडगावला दस्तनोंदणीच्या कचेरीत कारकून होते. एकच जमीन तीन गिऱ्हाइकांना विकणारे, मेलेल्या चुलत्याच्या जागी जिवंत मेहुण्याचा अंगठा लावणारे, बायकोचं घर बायकोला न विचारता गहाण टाकणारे, असे सगळे माझ्या टेबलासमोर उभे राहून गेले. त्यामुळे माणसांविषयी माझं मत फारसं चांगलं नाही. यजमान गेल्यापासून मी वडगावात स्टेशनच्या बाजूला दोन खोल्यांत एकटी राहते. मुलगी नाशिकला असते. दीर आणि जाऊ इंदुरीला. दर पंधरवड्याला दीर काहीतरी भाजी घेऊन येतात, चहा पितात, पंखा का वाजतोय ते बघतात आणि जातात.

त्या रविवारी ते टाय लावून आले. टाय मी त्यांच्या गळ्यात त्यांच्या लग्नातही पाहिला नव्हता.

"वैनी, आवरा. लोणावळ्याला जायचंय," ते म्हणाले. "जेवण हाय तितं."

"कुणाचं लग्न आहे?"

"लग्न न्हाई. सेमिनार हाय. डिजिटल नाण्याचा. तुमी शिकलेल्या हाय, तुमाला लगेच कळंल."

मी गेले. एक तर घरी काम नव्हतं, आणि दुसरं म्हणजे फुकटचं जेवण कुणी का घालतं, हे शोधून काढायची मला जुनी खोड आहे.

रिसॉर्टच्या एका बाजूला पुण्याहून आलेली जोडपी पोहण्याच्या तलावात डुंबत होती आणि दुसऱ्या बाजूच्या हॉलमध्ये आम्ही शंभरेक माणसं खुर्च्यांवर बसलो होतो. बहुतेक दिरांसारखीच, कारखान्यातून नुकतीच बाहेर पडलेली. काही जमिनी विकून मोकळे झालेले, गळ्यात जाड साखळ्या. एक खानावळ चालवणाऱ्या बाई होत्या, दोन शिक्षक होते. दारात एक लांबलचक गाडी उभी केली होती आणि लोक आळीपाळीनं तिच्या बॉनेटवर हात ठेवून फोटो काढून घेत होते. साठीला आलेली माणसं, दुसऱ्याच्या गाडीला हात लावून फोटो. मला तिथंच परत फिरावंसं वाटलं होतं.

भाषण करणारा तिशीतला गृहस्थ होता. अंगाला चिकटलेला कोट, मोज्यांशिवाय टोकदार बूट. थोडं हिंदी, थोडं इंग्रजी, आणि टाळी हवी असेल तिथं मराठी. पडद्यावर पृथ्वी फिरत होती, तिच्यातून रॉकेट निघत होतं. ब्लॉकचेन हा शब्द तो देवाचं नाव घ्यावं तसा घेत होता, म्हणजे अर्थ सांगायची गरजच नाही अशा थाटात. त्याच्या कंपनीचं स्वतःचं नाणं होतं. त्या नाण्याचं नाव मी इथे लिहीत नाही, तेवढीही जाहिरात त्याला मिळू नये. पैसे ॲपमध्ये भरायचे, ते नाणं आपल्या खात्यात दिसणार, दर महिन्याला वाढत जाणार. आणखी चार माणसं आणली तर आणखी वेगानं वाढणार.

मी हात वर केला. "हे नाणं कुणाच्या नावावर आहे, याची नोंद कुठे असते?"

"बहुत अच्छा सवाल. क्लाउडमध्ये, मावशी."

लोक हसले. का हसले ते त्यांनाही ठाऊक नसावं.

"ती नोंद तुमच्या ॲपशिवाय दुसरीकडे कुठे मला बघता येईल का?"

"ॲप आपल्या सगळ्यांचंच आहे, मावशी. आपण एक फॅमिली आहोत."

टाळ्या पडल्या. मी खाली बसले. आयुष्यभर लोक मला मॅडम म्हणत आले ते मी फार मोठी होते म्हणून नाही, शिक्का माझ्या टेबलावर होता म्हणून. शिक्का गेला की बाईची मावशी होते, हे मला त्या हॉलमध्ये कळलं.

परतताना लोकलमध्ये दिरांनी विचारलं, "कसं वाटलं?"

"पनीर बरं होतं," मी म्हणाले. "बाकी सगळा भामटेपणा आहे. क्रिप्टो म्हणजे निव्वळ लुबाडणूक."

त्यांनी टाय काढून खिशात ठेवला. मग खिडकीबाहेर बघत शांतपणे म्हणाले, "वैनी, नावं ठेवाय तुमाला चांगलं येतं. पण ते काय हाय, ते तुमाला तरी कुटं म्हाईत हाय?"

ते मला लागलं, कारण ते खरं होतं. मी ज्याला लुबाडणूक म्हणत होते ते नेमकं काय असतं, याचा मला पत्ता नव्हता. त्या कोटवाल्याला माहीत नव्हतं, दिरांना माहीत नव्हतं आणि मलाही नव्हतं. फरक इतकाच की ते आनंदात होते आणि मी तोऱ्यात.

कान्ह्याला रेल्वेचे एक निवृत्त सिग्नल मेंटेनर राहतात. माझी त्यांची ओळख कचेरीतली. स्वतःच्या घराचा दस्त नोंदवायला आले तेव्हा त्यांनी सगळी पानं, मागच्या छापील अटींसह, उभ्यानं वाचून काढली आणि चतुःसीमेत पूर्वेच्या जागी पश्चिम लिहिलंय हे दाखवून दिलं. त्या वेळी मला त्यांचा राग आला होता. नंतर कधीतरी बाजारात भेटले तेव्हा बोलता बोलता म्हणाले होते की हल्ली ते बिटकॉइनचा अभ्यास करतात. मी तेव्हा मनातल्या मनात हसले होते. आता गरज माझी होती.

मंगळवारी सकाळी मी त्यांच्या दारात जाऊन उभी राहिले. ओट्यावर टेबल टाकून ते कुणाच्या तरी रेडिओची तुटलेली तार डागत बसले होते.

"जय भीम, मॅडम. पुन्हा पूर्व-पश्चिम चुकली का काय?"

मी लोणावळ्याची सगळी हकीकत सांगितली. त्यांनी सोल्डरिंगची डागणी बाजूला ठेवली.

"ते नाणं सोडा. त्याला नाणं म्हनू पन नका," ते म्हणाले. "तुमाला खरं काय असतं ते बगायचंय का? मंग दर मंगळवारी यायचं. आनि मदी मदी 'मला म्हाईतंय' असं म्हनायचं न्हाई."

मी चार मंगळवार गेले. पहिल्या दिवशी त्यांनी मला माझ्याच भाषेत समजावलं. समजा, तुमच्या कचेरीतली नोंदवही एका कपाटात नाही, जगभरातल्या हजारो लोकांकडे तिची एकसारखी प्रत आहे. कुणी कुणाला काय दिलं, हे प्रत्येक प्रतीत लिहिलं जातं, आणि मागचं पान कुणी खाडाखोड करून बदललं तर बाकीच्या प्रतींशी ते जुळत नाही, म्हणून कुणी मान्य करत नाही. हे सगळं कशासाठी, तर एकच नाणं दोघांना देता येऊ नये म्हणून.

एकच जमीन तिघांना विकणाऱ्यांत माझी नोकरी गेली. मला हे एका क्षणात कळलं, आणि इतकी साधी गोष्ट रॉकेट न उडवता सांगता येते, याची मला कोटवाल्यावर नव्यानं चीड आली.

"आणि चुकीची नोंद झाली तर?" मी विचारलं. "अपील कुठे करायचं?"

"कुटंच न्हाई."

"म्हणजे?"

"म्हंजे चुकून दुसऱ्याच्या पत्त्यावर पाठवलं, तर गेलं. किल्ली हरवली, तर गेलं. चोरानं किल्ली बगितली, तर गेलं. साहेब न्हाई, कोर्ट न्हाई, कुनाच्या पाया पडायची सोय न्हाई."

ज्या कचेरीतल्या साहेबांना मी पंचवीस वर्षं नावं ठेवली, त्यांची पहिल्यांदाच किंमत कळली.

दुसऱ्या मंगळवारी किल्लीचं प्रकरण निघालं. पॅन कार्ड वगैरे देऊन एखाद्या देशी एक्स्चेंजवर, म्हणजे असली नाणी विकत देणाऱ्या-घेणाऱ्या कंपनीकडे, खातं उघडावं, तिथे थोडंसं बिटकॉइन विकत घ्यावं आणि तिथेच ठेवावं, असा माझा बेत होता. ते म्हणाले, "घ्या तितंच. पन ठिवलंत तर ते दुसऱ्याच्या कपाटात ठिवल्यागत हाय. कपाट चांगलं असंल, मानूस बी चांगला असंल. पन किल्ली त्याच्याकडं." स्वतःकडे ठेवायचं तर फोनमध्ये स्वतःचं पाकीट बनवायचं. ते ॲप सुरुवातीलाच इंग्रजीतले बारा शब्द देतं. साधे, शाळेतल्या पुस्तकातले शब्द, पण त्यांचा क्रम म्हणजेच किल्ली. फोन नदीत पडला तरी चालेल. ते बारा शब्द कुठल्याही नव्या फोनमध्ये त्याच क्रमानं घातले की पाकीट परत उभं राहतं. आणि तुमच्याऐवजी दुसऱ्या कुणी घातले, तर त्याच्याकडे उभं राहतं.

मी पाकीट बनवलं. शब्द कागदावर लिहिले. ते कोणते, हे इथे येणार नाही, उगाच वाट बघू नका.

"आता पैसे टाकू?" मी उत्साहानं विचारलं.

"आता ॲप उडवा," ते म्हणाले.

"काय?"

"फोनमदनं काडून टाका. मंग कागदावरनं परत उभं करा. रिकामं हाय तवर करून बगायचं. भरल्यावर करून बगनारे लय बगितले मी."

त्यात एक पैसाही नव्हता, तरी ॲप काढून टाकण्याआधी मी त्यांना दोनदा विचारून घेतलं. मी शब्द परत घातले. पाकीट उभं राहिलं नाही. पुन्हा घातले. नाही. तिसऱ्यांदा त्यांनी लांबूनच, कागदाकडे न बघता विचारलं, "अक्षर तुमचंच हाय ना?" सातव्या शब्दात मी एक अक्षर असं गिचमिड लिहिलं होतं की ते मलाच वाचता येत नव्हतं. लोकांच्या दस्तातली एक वेलांटी चुकली तरी अख्खा कागद फिरून लिहायला लावणारी मी. त्यांनी काही टोमणा मारला नाही. मारला असता तर बरं झालं असतं.

तिसऱ्या मंगळवारी अगदी थोडी रक्कम मी एक्स्चेंजवरून माझ्या पाकिटात पाठवली. पत्ता म्हणजे अक्षरं आणि आकड्यांची लांब माळ. ती हातानं लिहायची नाही, कॉपी करायची, आणि कॉपी केल्यावरही पुढची व मागची अक्षरं डोळ्यांनी ताडून बघायची. आधी थोडं पाठवायचं, पोहोचलं की मग बाकीचं. पोहोचायला काही मिनिटं लागली. तेवढ्या वेळात मी त्यांच्या घरातला चहा थंड करून प्यायले.

मला फार हुशार झाल्यासारखं वाटलं. त्या हुशारीच्या भरात मी शुक्रवारी वडगावच्या बाजारात झेरॉक्सच्या दुकानात गेले आणि तो बारा शब्दांचा कागद लॅमिनेट करायला दिला. कागद ओला होऊ नये, फाटू नये, इतकाच माझा विचार. दुकानदार ओळखीचा, भला माणूस. त्यानं कागद काचेवर ठेवला, मशीन चाललं.

"स्कॅन कशाला केलं?" मी विचारलं.

"एक कॉपी असलेली बरी, मॅडम. लॅमिनेशनमध्ये कधी कधी कागद जळतो. कम्प्युटरवर ठेवलंय. कधी लागलं तर या, लगेच काढून देतो." मग कागदाकडे बघून म्हणाला, "नातवाचं स्पेलिंग का?"

मी होय म्हटलं. पैसे देऊन बाहेर आले आणि बाजाराच्या मधोमध उभी राहिले. हातात चकचकीत, वॉटरप्रूफ, टिकाऊ कागद, आणि माझी किल्ली दुकानदाराच्या कम्प्युटरवर, जिथे गावातल्या निम्म्या लोकांची आधार कार्डं पडलेली असतात आणि कोणीही पेन ड्राइव्ह लावून जातं. तीन आठवडे मी लोकांच्या बावळटपणावर बोलत होते. माझ्याइतकं बावळट त्या लोणावळ्याच्या हॉलमध्येही कुणी नसेल.

मी सरळ स्टेशनवर गेले आणि मिळेल त्या लोकलनं कान्हे गाठलं. त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "दुकानदाराला पुसाय लावायचं न्हाई. त्यानं पुसलं का न्हाई, तुमाला कसं कळनार? पाकीटच नवं करा. नवे शब्द. जुन्यातलं सगळं नव्यात पाठवा." अर्ध्या तासात ते झालं. लॅमिनेशन केलेला कागद त्यांनी मला कात्रीनं कापायला लावला. प्लास्टिक लावलेला कागद सहजासहजी कापला जात नाही. माझ्या बोटाला फोड आला.

मधल्या काळात दिरांचं नाणं जोरात होतं. पहिले तीन महिने त्यांच्या बँकेत खरोखरच काहीतरी जमा झालं होतं. ते स्क्रीनवरचे आकडे दाखवायला माझ्याकडे येत. नव्यानं भरती झालेल्यांच्या पैशातूनच जुन्यांना देतात, हे मी सांगितलं की म्हणत, "वैनी, तुमाला कुनाचं चांगलं झालेलं बगवत न्हाई." त्यांनी स्वतः चार जणांना आणलं होतं, चौघंही कारखान्यातल्या त्यांच्याच विभागातले जुने सोबती.

लोणावळ्याला दुसरा मेळावा झाला तेव्हा मी न बोलावता गेले. या वेळी कोटवाल्यानं लोकांना प्रश्न विचारायला सांगितलं, म्हणजे स्तुती करायला. मी उभी राहिले.

"तुम्ही म्हणता हे नाणं केव्हाही बिटकॉइनमध्ये बदलता येतं. माझे दीर इथे बसलेत. त्यांच्या खात्यातून हजार रुपयांचं बिटकॉइन आत्ता माझ्या या पत्त्यावर पाठवा. काही मिनिटांत माझ्या फोनमध्ये दिसेल. दिसलं की मी माझी पेन्शन तुमच्याकडे टाकते."

तो हसला. "मावशी टेक्निकल झाल्या. अभी नेटवर्क अपग्रेड चालू आहे. पुढच्या महिन्यात सगळं खुलं होणार."

"हजार रुपयांना अपग्रेड लागतं?"

मला वाटलं होतं, आता हॉलमध्ये चुळबुळ सुरू होईल. झाली, पण ती माझ्या विरोधात. मागून एक जण म्हणाला, "खाली बसा हो, आमचा वेळ जातोय." खानावळवाल्या बाई मागे वळून मला म्हणाल्या, "स्वतः टाकायची हिंमत नाही आणि दुसऱ्याला टाकू द्यायचं नाही." मी दिरांकडे बघितलं. ते पायांकडे बघत होते. मी एकटीच बाहेर पडले. तलावातल्या जोडप्यांपैकी कुणीतरी मला फोटो काढून द्याल का म्हणून विचारलं. मी काढून दिला.

त्यानंतर दीर माझ्याकडे आले नाहीत. भाजी नाही, पंखा वाजत राहिला. मलाही अहंकार होता. आपण बरोबर होतो, हे सिद्ध व्हायची मी वाट बघत होते. ही गोष्ट लिहायला सोपी नाही, पण मी वाट बघत होते.

उन्हाळ्यात जावेचा फोन आला. "ताई, जरा येऊन जाता का? हे जेवत न्हाईत."

इंदुरीला गेले तर दीर पडवीत कॉटवर बसलेले. ॲप उघडत होतं, आकडाही दिसत होता, पहिल्यापेक्षा मोठाच. पण पैसे काढायला गेलं की एकच उत्तर येत होतं, आधी कर भरा, मग खातं मोकळं होईल. दिरांनी एकदा कर भरला होता. मग दुसरा कर निघाला होता.

"आधी करून बगाय पायजे व्हतं," ते म्हणाले. "तुमी म्हनला व्हता तवा. हजार रुपयाचं."

मी येताना काय काय बोलायचं ते ठरवून आले होते. चांगली धारदार वाक्यं होती. त्यातलं एकही बोलवलं नाही. मी कागद मागितला आणि सायबर पोलिसांकडे द्यायची तक्रार लिहायला बसले. तारखा, व्यवहारांचे क्रमांक, फोन नंबर, ॲपच्या स्क्रीनचे फोटो. आयुष्यभर दुसऱ्यांचे कागद बघितल्याचा तेवढा उपयोग झाला. तक्रार नोंदली गेली. रिसॉर्टवाल्यांनी सांगितलं, हॉल भाड्यानं दिला होता, बाकी आम्हाला माहीत नाही. पैसे परत आले नाहीत, आणि येतील असं मला वाटत नाही.

मग दिरांनी एक गोष्ट केली, जी मी त्यांच्या जागी केली असती की नाही, सांगता येत नाही. आणलेल्या चौघांच्या घरी ते स्वतः गेले. ॲपमधून पैसे निघत नाहीत, कर भरू नका, मी तुम्हाला ह्यात आणलं, हे तोंडानं सांगायला. शेवटच्या घरी मला बरोबर नेलं. तिथल्या बाईंनी चहा दिला, पाणी दिलं, आणि आत जाऊन दार ओढून घेतलं. त्यांचे यजमान म्हणाले, "तुझ्यावर भरवसा ठेवला, कंपनीवर न्हाई." दीर मान हलवत राहिले.

दीड-दोन महिन्यांनी त्यांना एक फोन आला. बुडालेलं क्रिप्टो परत मिळवून देतो, आमचं ऑफिस आहे, थोडी फी आगाऊ भरा. त्यांची सगळी माहिती त्या माणसाकडे होती. ती कुणी विकली असेल हे सांगायला नको. दीर फी भरायच्या बेतात होते. जावेनं मला कळवलं, आणि त्या वेळी मात्र मी फोनवर नको ते बोलले. म्हणाले, "भाऊजी, तुम्हाला लुटायला चोर सुद्धा नवा लागत नाही, तोच तो पुन्हा येतो." पलीकडून फोन ठेवल्याचा आवाज आला. फी त्यांनी भरली नाही, एवढंच. आपण जे बोललो ते खरं असूनही घाणेरडं होतं, हे मला रात्रीच्या जेवणापर्यंत कळलं होतं, पण परत फोन करायला मला पंधरा दिवस लागले.

त्या फोनवर मी माफी मागायच्या ऐवजी लॅमिनेशनची गोष्ट सांगितली. तोवर ती मी कान्ह्याच्या बाहेर कुणालाच सांगितली नव्हती. ते हसू लागले, आणि बराच वेळ हसत राहिले. "नातवाचं स्पेलिंग," ते पुन्हा पुन्हा म्हणत होते.

पुढच्या रविवारी ते भाजीबरोबर एक जाड पिशवी घेऊन आले. त्यात स्टीलची हाताएवढी पट्टी होती, कडा घासून गुळगुळीत केलेली, आणि अक्षरं ठोकायचे पंच, ए पासून झेड पर्यंत. "कागद जळतो, भिजतो, उंदीर खातो," ते म्हणाले. "ह्यावर ठोकलं की ठोकलं. द्या तुमचे शब्द, अर्ध्या तासात करून देतो."

मी पट्टी हातात घेऊन उलटसुलट बघितली. शब्द कुणालाच दाखवायचे नाहीत, हा तर पहिला नियम, आणि तो ह्या माणसाला, आज, कसा सांगायचा? पण त्यांनाच ते आधी उमगलं.

"न्हाई, बरोबर हाय," ते म्हणाले. "मला दावू नका. तुमीच ठोका. मी तिकडं तोंड करून बसतो."

आम्ही मागच्या अंगणात फरशीवर बसलो. ते भिंतीकडे तोंड करून, मी पट्टीसमोर. पंच सरळ धरा, एकच घाव, दोनदा मारलं तर अक्षर दुहेरी उमटतं. मी मारायचे, ते आवाजावरून सांगायचे, "हलका झाला", "हां, ह्यो बसला", "तिरका धरलाय तुमी". दुपार त्यात गेली. शेजारच्या बाई दोनदा डोकावून गेल्या. एक अक्षर उलटं ठोकलं गेलं, त्याच्यावर काट मारून पुढे परत ठोकलं. शेवटच्या शब्दापर्यंत माझा खांदा भरून आला होता.

पट्टी कुठे ठेवली आहे, ते माझ्या मुलीला माहीत आहे, आणि ती कशी वापरायची हेही मी तिला नाशिकला जाऊन शिकवलं आहे. पाकिटात आहे ते थोडंच आहे. कधी त्याची किंमत वाढते, कधी निम्मी होते. कान्ह्याचे सिग्नलवाले म्हणतात, जेवढं बुडालं तरी झोप लागेल तेवढंच ठेवायचं, आणि सरकारचा कर आधी वेगळा काढायचा. मी तेवढंच ठेवलंय. दिरांनी स्वतः यातलं काही घेतलं नाही. मी एकदा विचारलं, शिकवू का म्हणून. ते म्हणाले, "नगं वैनी. मला कळलंय सगळं. पन मला आता आकड्याकडं बगवत न्हाई."

लोणावळ्याला त्याच रिसॉर्टमध्ये आता चंदनाच्या झाडांत पैसे गुंतवायचा मेळावा भरतो, असं ऐकते. दुपारचं जेवण असतं. खानावळवाल्या बाई परवा बाजारात दिसल्या. त्यांनी मान वळवली, आणि मी त्यांना हाक मारली नाही.